भुईमूग आणि बांबारा : मातीत धरणाऱ्या दोन शेंगा

भुईमुगाच्या नावात मूग आहे, पण मुगाचा जवळचा भाऊबंद तो नव्हे. तो मान आफ्रिकेतल्या बांबारा शेंगेचा. मूग आणि बांबारा दोन्ही ‘विग्ना’ प्रजातीतले. भुईमूग ‘अरॅकिस’मधला, मूळचा दक्षिण अमेरिकेचा.

नावांचा घोळ जुनाच आहे. पोर्तुगीजांनी 16व्या शतकात भुईमूग आफ्रिकेत नेला, तेव्हा तिथे जमिनीत शेंगा धरणारं बांबाराचं पीक आधीपासून होतं. मग जुन्याचं नाव नव्याला चिकटलं. मादागास्करमध्ये आज ‘वुआंझू’ म्हणजे भुईमूग. बांबाराला मागे ‘बोरी’, म्हणजे गोल, हे शेपूट लावावं लागतं. शास्त्रज्ञांनी मात्र याच शब्दावरून बांबाराच्या प्रजातीला ‘व्होआंझेया’ म्हटलं होतं. 1980 साली ती ‘विग्ना’त आली. अमेरिकेच्या दक्षिण भागातलं भुईमुगाचं ‘गूबर’ हे नावही काँगो भाषेतल्या ‘न्गुबा’वरून, गुलाम करून नेलेल्या माणसांच्या तोंडून गेलेलं.

शेतात ओळखायचं तर पान बघा. भुईमुगाच्या पानाला चार पर्णिका, बांबाराला मुगासारख्या तीन. शेंग जमिनीत जाण्याची रीतही वेगळी. भुईमुगाचं फूल सुकलं की बीजकोशाच्या तळाशी आरी, म्हणजे टोकदार दांडा, फुटते, खाली वळून मातीत शिरते आणि मगच टोकाला शेंग फुगते. फूल वीतभर उंचावर असेल तर आरी बहुधा पोचत नाही, अधांतरीच वाळते. म्हणून झाडांना मातीची भर देतात, आणि आऱ्या सुटल्यावर शेतात कोळपं घालत नाहीत. बांबाराची फुलं जमिनीलगतच येतात. तिथे आरीऐवजी फुलाचा दांडाच लांबून मातीत शिरतो. शेंग गोल, आत बहुतेक एकच टणक दाणा.

स्वयंपाकात तर दोघांची जातच निराळी. शेंगदाण्यात 45 ते 50 टक्के तेल. बांबारात जेमतेम 6-7 टक्के आणि पिष्ट भरपूर. त्यामुळे बांबारा घाण्याच्या कामाचा नाही, आणि त्याच्या कुटाचा लाडू नुसत्या गुळावर वळणार नाही. वाळका दाणा तसाच भाजला तर दगडासारखा लागतो. तो कडधान्यासारखा रात्रभर भिजवून, बराच वेळ शिजवावा लागतो. ओल्या शेंगा मात्र दोन्हींच्या मीठ घालून उकडून खातात.