‘यात मन नाही’ आणि ‘कशातच मन नाही’

पहिल्या सत्राचा निकाल लागला की अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी दरवर्षी मला भेटायला येतात आणि सगळे एकच वाक्य बोलतात: ‘सर, मन लागत नाही, कॉलेज सोडावे म्हणतो.’ पालकांना या वाक्यात आळस ऐकू येतो, मित्रांना चुकलेली शाखा ऐकू येते, आणि दोन्ही बाजूंनी सल्ला तयार असतो. सल्ला देण्यापूर्वी मुलाचे मन या अभ्यासक्रमात नाही की कशातच नाही, एवढे विचारण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात, आणि एका अवस्थेवरचा उपाय दुसरीवर केला गेल्याने झालेले नुकसान मी अनेकदा पाहिले आहे.

शाखा चुकणे सर्वांच्या ओळखीचे आहे. बारावीनंतर गुण चांगले म्हणून संगणक शाखा घेतली आणि मन मात्र इतिहासात किंवा चित्रकलेत राहिले, अशी मुले प्रत्येक नात्यागोत्यात सापडतात. असा मुलगा व्याख्यान बुडवतो, पण रात्री दोन वाजेपर्यंत जागून स्वतःच्या आवडीचे काहीतरी करत असतो. त्याची शक्ती शाबूत असते, फक्त ती दुसरीकडे वाहत असते.

दुसऱ्या अवस्थेत ती शक्तीच आटलेली असते. जो तबला आठवीपासून वाजवला तो महिनोन्‌महिने खोळीतून निघत नाही, मैदानावर जाणे थांबते, मेसमधले जेवण अर्धे टाकले जाते, झोप एक तर येत नाही किंवा सरत नाही. तरीही हा मुलगा तक्रार फक्त कॉलेजची करतो, आणि सगळा घोटाळा येथे होतो. त्याच्या दिवसात सक्तीची गोष्ट एकच असते, ती म्हणजे कॉलेज: पंचाहत्तर टक्के हजेरी, सबमिशन आणि तोंडी परीक्षा. मैदानावर गेला नाही तर कोणी डिफॉल्टर यादीत नाव लावत नाही, तबल्याला हात लावला नाही तर घरी पत्र जात नाही. बाकी सर्व गोष्टी गुपचूप सुटतात आणि कॉलेज मात्र सुटताना आवाज करते, त्यामुळे त्यालाही प्रामाणिकपणे वाटते की अडचण कॉलेजचीच आहे.

म्हणून मी आता व्याख्यानांबद्दल विचारतच नाही, रविवारबद्दल विचारतो. ज्या दिवशी हजेरी नाही, केटीचा, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेल्या विषयाचा, अभ्यास करायला कोणी सांगत नाही, त्या दिवशी त्याने आपणहून काय केले आणि ते करताना बरे वाटले का, यावरून पुष्कळ उलगडते. रविवारी चेहरा उजळत असेल तर प्रश्न बहुधा अभ्यासक्रमाचा आहे. रविवारही सोमवारसारखाच जड असेल, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर शाखेची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटले पाहिजे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. यात कमीपणा मानणाऱ्या पालकांशी मी वाद घालतो आणि पुढेही घालीन.

‘पहिल्या वर्षातच कळले, इंजिनिअरिंग माझ्यासाठी नाही’ हे विधानही मला मान्य नाही. पहिल्या वर्षी यंत्र, स्थापत्य आणि संगणक या शाखांची मुले गणित, भौतिकशास्त्र आणि मेकॅनिक्स यांसारखे बरेचसे सारखेच विषय शिकतात, आणि ज्या विषयासाठी ती शाखा घेतली तो तोवर जेमतेम उघडलेला असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर पहिले काही महिने विषय नकोसा होतो की इंग्रजी पुस्तक नकोसे होते, हेच उमगत नाही. गणिताची केटी लागली की पुढचे कळत नाही, कळत नाही म्हणून लाज वाटते, आणि त्या लाजेलाच तो ‘आवड नाही’ असे नाव देतो.

बिल गेट्स आणि मार्क झुकरबर्ग यांची नावे तर या चर्चेत कोणी काढूच नयेत. पहिल्याने १९७५मध्ये आणि दुसऱ्याने २००४मध्ये हार्वर्ड सोडले ते चालू केलेली कंपनी हाती होती म्हणून, मन लागत नव्हते म्हणून नव्हे.

खरोखर ‘यात मन नाही’ असेल, तर निर्णय वर्षावर ठरतो. पहिल्या वर्षी बदल करणे स्वस्त पडते, म्हणून तो निःसंकोच करावा. तिसरे वर्ष संपत आले असेल तर पदवी पूर्ण करावी असे माझे ठाम मत आहे, कारण राज्यसेवा, केंद्रीय नागरी सेवा आणि एमबीए प्रवेशाची कॅट या परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागतेच. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडणे, तीन वर्षांच्या आत परतणे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करणे शक्य आहे. मात्र आपल्या अभ्यासक्रमाला ही सोय लागू आहे का, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे.

‘कशातच मन नाही’ या अवस्थेत मात्र नाव काढण्याचा अर्ज लिहूच नये. कॉलेज सुटले की सकाळी उठण्याचे उरलेसुरले कारणही जाते आणि मुलगा खोलीत एकटा पडतो. उपचार सुरू करावेत, त्या सत्रात शक्य तेवढेच विषय द्यावेत, गरज पडली तर वर्ष मागे राहू द्यावे, आणि राहायचे की सोडायचे हे बरे वाटू लागल्यावर ठरवावे.

पालक फोनवर ‘लेक्चरला बसतोस ना?’ एवढेच विचारतात. त्याऐवजी ‘रविवारी काय केलेस?’ असे विचारा, आणि सलग तीन-चार रविवारी ‘काही नाही, पडून होतो’ हेच उत्तर आले तर पुढच्या निकालाची वाट न पाहता होस्टेलवर जाऊन त्याला भेटा.