वेल्स, मेरी : मोटाउननंतरची ध्वनिमुद्रणे

अमेरिकन सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचा एक गायनप्रकार) गायिका मेरी वेल्स (१३ मे १९४३ – २६ जुलै १९९२) हिने १९६४ मध्ये डेट्रॉइटची मोटाउन कंपनी सोडल्यानंतर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स, ॲटको, ज्युबिली, रिप्राइझ, एपिक इत्यादी कंपन्यांसाठी केलेली ध्वनिमुद्रणे. मोटाउनमध्ये ती जेमतेम चार वर्षे होती. त्यानंतरचे काम पाव शतकाहून अधिक काळ चालू राहिले. संदर्भग्रंथांत मात्र पहिल्या चार वर्षांना पाने मिळतात आणि उरलेल्या काळाची परिच्छेदावर बोळवण होते.

‘माय गाय’ हे तिचे सर्वांत गाजलेले गीत. ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाच्या १६ मे १९६४ च्या पॉप (सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यांच्या) यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच्या तीनच दिवस आधी वेल्सला २१ वर्षे पूर्ण झाली होती आणि मोटाउनशी झालेल्या कराराचा पुढचा सारा वाद या वाढदिवसाभोवती फिरतो. मोटाउनशी करार केला तेव्हा ती १७ वर्षांची, म्हणजे कायद्याने अज्ञान होती. मिशिगन राज्यात त्या काळी सज्ञानतेचे वय २१ होते. भारतीय कायद्यात अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य ठरतो. अमेरिकेत तो सामान्यतः वैध असतो, मात्र सज्ञान झाल्यावर वाजवी मुदतीत नाकारता येतो. वेल्सने याच तरतुदीचा आधार घेतला आणि ती मोकळी झाली. कराराचा शेवट नेमका कधी मानावा, याविषयी उल्लेख जुळत नाहीत. १९६४ च्या अखेरच्या महिन्यांत नव्या कंपनीची तबकडी बाजारात होती, तेव्हा त्याआधी तो मिटला असे धरणे सुरक्षित.

नव्या कंपनीने दिलेल्या आगाऊ रकमेचे आकडे २ लाखांपासून ५ लाख डॉलरपर्यंत छापले गेले आहेत. यांतला मोठा आकडा प्रसिद्धीखात्याचा असावा. फॉक्स ही चित्रपट कंपनी असल्याने पडद्यावर कामे मिळतील, अशीही आशा तिला दाखवली गेल्याचे सांगतात. मोटाउन सोडताना जुन्या गाण्यांच्या स्वामित्वधनावर तिला पाणी सोडावे लागले, असे चरित्रपर लेखनात येते. या रकमेसाठी तिने पुढे मोटाउनवर दावा लावला आणि अखेरच्या आजारपणाच्या सुमारास तडजोड झाली.

नंतरची गाणी का चालली नाहीत, यावर तीन मते आहेत. मोटाउनमधील तिचा गीतकार-निर्माता स्मोकी रॉबिन्सन याची गीते आणि मोटाउनचा वादकसंच सुटल्याने ती पोरकी झाली, हे पहिले आणि सर्वाधिक प्रचलित मत. त्याला आधार नाही असे नाही. ‘माय गाय’चा आरंभ वादकांनी ‘कॅनेडियन सनसेट’ या जुन्या रचनेवरून गमतीत उचलला होता. शेवटी वेल्स शब्द तोडत, अडखळत गाते ती मे वेस्ट या नटीची नक्कल. दिवस संपताना स्टुडिओत सुचलेल्या अशा चेष्टा तबकडीवर टिकायच्या, तर गायिका, वादक आणि निर्माता एकमेकांना मुरलेले लागतात. तिच्यासाठी ठेवलेले ‘व्हेन आय अॅम गॉन’ हे गीत मोटाउनने ब्रेंडा हॉलोवेकडून गाऊन घेतले आणि १९६५ मध्ये ते पॉप यादीत २५ व्या क्रमांकावर गेले. दुसरे मत आजारपणाचे : या संक्रमणकाळात क्षयामुळे ती काही आठवडे अंथरुणाला खिळली होती. मोटाउनने रेडिओ निवेदकांना तिची गाणी वाजवू दिली नाहीत, हे तिसरे मत. ते तोंडी आठवणींपलीकडे फारसे जात नाही.

तिन्ही मते ‘अपयश’ गृहीत धरतात. ते गृहीतक मात्र तपासून घेतले पाहिजे. ‘बिलबोर्ड’ने ३० नोव्हेंबर १९६३ पासून जानेवारी १९६५ च्या अखेरपर्यंत रिदम अँड ब्लूजची (मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांत चालणाऱ्या गाण्यांची) स्वतंत्र यादी छापणे बंद केले होते. वेल्सचे स्थलांतर नेमके याच खंडात पडते. ‘एन्ट इट द ट्रुथ’ ही ट्वेंटिएथ सेंच्युरीची पहिली तबकडी पॉप यादीत ४५ व्या क्रमांकावर थांबली, एवढेच त्यामुळे नोंदले गेले. कृष्णवर्णीय श्रोत्यांत ती किती चालली, हे ‘बिलबोर्ड’ चाळून कळत नाही. (प्रतिस्पर्धी ‘कॅश बॉक्स’ची यादी चालू होती, पण संकलक सहसा ‘बिलबोर्ड’च उघडतात.) यादी पुन्हा सुरू झाल्यावर ‘यूज युवर हेड’ तिच्यात १३ व्या क्रमांकावर आले, पॉप यादीत त्याचा क्रमांक ३४ होता. १९६६ मध्ये ‘डिअर लव्हर’ पॉप यादीत ५१ वर अडले, पण रिदम अँड ब्लूजमध्ये ६ व्या क्रमांकापर्यंत चढले. तिने गमावला तो मुख्यतः पॉपचा श्रोता. मूळचा श्रोता आणखी काही वर्षे तिच्यासोबत राहिला, असे म्हणणे या आकड्यांशी अधिक जुळते.

ट्वेंटिएथ सेंच्युरीसाठी तिने १९६५ मध्ये दोन एलपी केल्या. दुसरी, ‘लव्ह साँग्ज टु द बीटल्स’, ही आदल्या वर्षी बीटल्सबरोबर केलेल्या ब्रिटनच्या दौऱ्याची कमाई म्हणता येईल. सारी गाणी बीटल्सचीच, फक्त सर्वनामे बदललेली : ‘अँड आय लव्ह हर’चे ‘अँड आय लव्ह हिम’ झाले. इंग्रजीत एवढ्याने भागते. मराठीत क्रियापदांनाही हात लावावा लागला असता. कल्पना चतुर आहे, पण एलपी सलग ऐकवत नाही.

ॲटकोचा काळ छोटा, पण सरस. निर्माता कार्ल डेव्हिस शिकागोचा, आणि ‘डिअर लव्हर’वर डेट्रॉइटपेक्षा त्या शहराच्या सोलची छाप आहे : लय तीच, पण तिला घाई नाही. याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूचे ‘कान्ट यू सी’ पॉप यादीच्या तळाशी जेमतेम शिरले. उत्तर इंग्लंडच्या नृत्यगृहांतील ‘नॉर्दर्न सोल’च्या रसिकांना तिच्या या काळातील तबकड्यांचे पुढे विशेष अप्रूप वाटले.

ज्युबिलीसाठीची ध्वनिमुद्रणे (१९६८ पासून) सर्वांत दुर्लक्षित. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. पती सेसिल वोमॅक याच्यासह वेल्स येथे पुन्हा गीते रचू लागली. ‘बाय बाय बेबी’ हे तिचे पहिले गीत तिनेच रचलेले होते, ही गोष्ट मोटाउनच्या वर्षांत मागे पडली होती. त्या पहिल्या तबकडीवरचा खरखरीत, ताणलेला आवाज रॉबिन्सनने मऊ केला. ‘सर्व्हिन अप सम सोल’ (१९६८) या एलपीत त्यातला थोडा खडबडीतपणा परत आलेला जाणवतो. ‘द डॉक्टर’ हे दोघांनी रचलेले गीत पॉप यादीत ६५ वर, तर रिदम अँड ब्लूजमध्ये २२ वर गेले. पॉपच्या पहिल्या शंभरात आलेले तिचे हे शेवटचे गाणे.

रिप्राइझसाठी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात थोड्या तबकड्या निघाल्या. त्यांतील ‘इफ यू कान्ट गिव्ह हर लव्ह’ (१९७४) सेसिलचा भाऊ बॉबी वोमॅक याने केले. एपिकची ‘इन अँड आउट ऑफ लव्ह’ (१९८१) डिस्कोच्या वळणाची असून तिच्यातील ‘जिगोलो’ नृत्यगृहांत वाजले. दशकाच्या अखेरीस इयन लेव्हिन या इंग्लिश निर्मात्याने मोटाउनच्या जुन्या गायकांना एकत्र करून जी गाणी केली, त्यांत वेल्सही होती. १९९० मध्ये स्वरयंत्राच्या कर्करोगाचे निदान झाले आणि गाणे थांबले.

ट्वेंटिएथ सेंच्युरी आणि ॲटकोच्या ध्वनिमुद्रणांचे स्वतंत्र सीडी-संग्रह तिच्या मृत्यूनंतर निघाले.