वसीयत करावी की ट्रस्ट?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मावशींना न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला, "आई, वसीयत नको, लिव्हिंग ट्रस्ट कर." (म्हणजे हयातीतच मालमत्ता विश्वस्ताकडे सोपवायची, आणि त्याने ती ठरलेल्या लाभार्थ्यांसाठी सांभाळायची.) मावशींनी मला विचारलं, "दोन्ही मोडता येतात म्हणे, मग फरक काय?"

वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, बुद्धी शाबूत आहे तोवर कितीदाही बदलता येतं. ट्रस्टचं तसं नाही. मोडायचा हक्क दस्तातच राखून ठेवावा लागतो, नाहीतर सगळ्या लाभार्थ्यांची संमती लागते.

मोठा फरक आहे तो ते लागू कधी होतं याचा. काकांना अर्धांगवायू झाला तेव्हा दोन साक्षीदारांच्या सह्यांची वसीयत कपाटात होती. पण उजवा हात गेला, डाव्या हाताची सही जुळेना, आणि औषधांना पैसे हवे असताना त्यांची एफडी मोडता येईना. माणूस हयात असताना वसीयतीचा काही उपयोग नसतो. मुखत्यारपत्रही माणसाचं भान गेलं की संपतं. ट्रस्टमध्ये विश्वस्त तेव्हाही भाडं घेऊ शकतो, बिलं भरू शकतो.

मात्र त्यासाठी घर आधी विश्वस्ताच्या नावे करावं लागतं. 1882 च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे त्याचा लेखी, नोंदणीकृत दस्त हवा, आणि स्टँप ड्युटीही पडते. वसीयतीला स्टँप लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. (तरी ती करून टाकावी, असं मी सगळ्यांना सांगतो.) घर नावे न करता नुसता दस्त केला, तर त्या घरापुरता ट्रस्ट कागदावरच राहतो.

कर वाचेल या आशेनेही ट्रस्ट करू नये. मोडता येणाऱ्या ट्रस्टचं उत्पन्न करणाऱ्याच्याच नावे धरलं जातं. अमेरिकेत लोक तो करतात ते मुख्यतः प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, लांबण टाळायला. इंदूरच्या घरासाठी प्रोबेट सक्तीचं नाही, त्यामुळे मुलाचं ते कारण इथे लागू पडत नाही.

तरीही मावशींना मी ट्रस्टच सांगितला, तो धाकट्या लेकीसाठी. ती गतिमंद आहे. तिच्यासाठी वसीयतीतूनही ट्रस्ट करता येतो, स्टँपही वाचतो, पण तो सुरू होणार मावशींच्या मागे. उद्या मावशीच अंथरुणाला खिळल्या तर तिच्या गोळ्या कोण आणणार? म्हणून वरच्या मजल्याचं भाडं आतापासूनच विश्वस्ताकडे जावं. मोडायचा हक्क मावशींनी हयातीपुरता स्वतःकडे ठेवावा, आणि दागिने व बाकीच्या किडुकमिडुकासाठी साधी वसीयत करावी.

विश्वस्त कोण, हे अजून ठरायचंय. मुलगा दूर आहे, म्हणून इंदुरातलाच दुसरा माणूस मी शोधायला लावलाय.