टॉर्चरविरोधात चर्च, सिनेगॉग आणि मशिदी: अमेरिकेतल्या मोहिमेची पार्श्वभूमी

धार्मिक माणसं छळाच्या विरोधात असणारच, त्यात काय विशेष, असं वाटतं ना? एप्रिल 2009 मध्ये प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेने अमेरिकेत सर्व्हे केला आणि निघालं उलटंच. संशयित अतिरेक्यांकडून माहिती काढायला टॉर्चर नेहमी किंवा कधीकधी योग्य आहे असं म्हणणारे एकूण 49 टक्के, दर आठवड्याला चर्चला जाणाऱ्यांमध्ये 54, गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलला अंतिम मानणाऱ्या प्रोटेस्टंट) लोकांमध्ये तर 62, आणि कुठल्याच धर्माशी नातं न सांगणाऱ्यांमध्ये सगळ्यात कमी, 40. (आपल्याकडे बातमीखाली 'थर्ड डिग्री द्या साल्याला' लिहिणाऱ्यांचा सर्व्हे केला तर काय आकडा येईल कोण जाणे.) म्हणजे 'नॅशनल रिलिजस कॅम्पेन अगेन्स्ट टॉर्चर' या धर्मगटांच्या मोहिमेपुढे सरकारविरुद्धची लढाई एकीकडे आणि आपल्याच बाकांवर बसलेल्या लोकांना पटवायचं दुसरीकडे, आणि माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड होतं.

या मोहिमेची सुरुवात बहुतेक जण 2004 पासून धरतात. त्या एप्रिलच्या शेवटी इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकन शिपाई कैद्यांचा छळ करतानाचे फोटो टीव्हीवर आले आणि थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या न्याय खात्याचा ऑगस्ट 2002 चा मेमो फुटला. एखादा अवयव निकामी होण्याइतक्या किंवा मरणाइतक्या वेदना झाल्या तरच त्याला टॉर्चर म्हणायचं, अशी त्यात व्याख्या! पण धर्मगटांचं मूळ त्याच्याही बरंच मागे, लॅटिन अमेरिकेत आहे.

डायना ऑर्टिझ ही अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातली उर्सुलाइन पंथाची कॅथलिक नन, ग्वाटेमालातल्या डोंगरात माया मुलांना शिकवायची. 2 नोव्हेंबर 1989 ला अँटिग्वा गावातल्या एका धर्मकेंद्राच्या बागेतून तिला उचललं, कोठडीत बलात्कार झाला, सिगारेटचे शंभराहून जास्त चटके दिले. तिच्या सांगण्याप्रमाणे तिथे 'अलेहांद्रो' नावाने हाक मारतात असा एक माणूस आला जो अमेरिकन वळणाचं इंग्रजी बोलत होता आणि इतरांना हुकूम देत होता. तो कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. उलट बाई खोटं बोलतेय असं सांगणारे अधिकारी निघाले. 1995 ला अमेरिकन कोर्टाने ग्वाटेमालाचा माजी संरक्षणमंत्री जनरल ग्रामाहो याला तिला 50 लाख डॉलर द्यायला सांगितलं, आणि 1996 च्या वसंतात ती व्हाइट हाऊससमोर ठाण मांडून बसली, उपास केला, मागणी एकच की सरकारी फाइली उघडा. काही उघडल्या, त्यात तिला हवं होतं ते नव्हतं. 1998 ला तिने छळ सोसलेल्यांची स्वतःची संघटना काढली.

त्याच काळात मेरीनॉल या कॅथलिक मिशनरी संघाचे फादर रॉय बुर्ज्वा अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात फोर्ट बेनिंग या लष्करी तळाच्या गेटवर निषेध करत बसायला लागले होते. तिथल्या 'स्कूल ऑफ द अमेरिकाज'मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या लष्करी अधिकाऱ्यांना ट्रेनिंग मिळायचं आणि नोव्हेंबर 1989 मध्ये एल साल्वादोरमध्ये 6 जेसुइट पाद्री, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांना मारणाऱ्यांतले बरेच जण तिथूनच शिकून गेलेले. 1996 ला पेंटागॉनने तिथली ट्रेनिंग मॅन्युअल्स जाहीर केली, आणि मारहाण, धमक्या, बेकायदा डांबून ठेवणं असलं सगळं त्यात छापील निघालं. त्यामुळे अबू गरीबनंतर 'चार नासके शिपाई' ही सरकारी थिअरी या लोकांना पटणं शक्यच नव्हतं.

पुढची साखळी पटकन सांगतो. जानेवारी 2006, प्रिन्स्टन सेमिनरीतले प्राध्यापक जॉर्ज हन्सिंगर यांनी टॉर्चरवर परिषद बोलावली, त्यातून 'नॅशनल रिलिजस कॅम्पेन अगेन्स्ट टॉर्चर' निघाली. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, मुस्लिम, क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथ) सगळे एका निवेदनावर आले. रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरूंची वेगळी मोहीम आधीच चालू होती, आणि मार्च 2007 मध्ये इव्हँजेलिकल विचारवंतांनीही टॉर्चरविरोधी जाहीरनामा काढला, ज्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. जून 2008 मध्ये शेकडो प्रार्थनास्थळांनी बाहेर बॅनर लावले.

मला यातली सगळ्यात हुशारीची चाल वाटते ती 2008 ची. मार्चमध्ये बुश यांनी सीआयएला टॉर्चरला मनाई करणाऱ्या लष्कराच्या चौकशी नियमावलीत बांधणारं बिल व्हेटो केलं होतं, तेव्हा या मंडळींनी काँग्रेसवर डोकं आपटत बसण्यापेक्षा इतर दोन गटांबरोबर पुढच्या राष्ट्राध्यक्षाने काय आदेश काढावा त्याची तत्त्वंच लिहून ठेवली आणि त्यावर माजी मंत्री, निवृत्त जनरल, धर्मगुरू अशा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ओबामा येवोत नाहीतर मॅकेन (जे स्वतः व्हिएतनाममध्ये छळ भोगून आलेले), कागद तयार. 22 जानेवारी 2009 ला ओबामांनी बंदीचा आदेश काढला.

पण आधी झालेल्या छळाची चौकशी करायला आयोग नेमा ही मोहिमेची मागणी ओबामांनी उचलली नाहीच. डिसेंबर 2014 ला सीआयएच्या छळावरच्या सिनेट समितीच्या 6,700 पानी अहवालाचा फक्त सारांश बाहेर आला, 9/11 च्या हल्ल्याचा सूत्रधार खालेद शेख मोहम्मदला 183 वेळा वॉटरबोर्डिंग (तोंडावर कापड टाकून पाणी ओतत बुडाल्यासारखं गुदमरवणं) केल्याचा आकडा तर आधीपासून चर्चेत होताच. जून 2015 मध्ये लष्कराच्या नियमावलीबाहेरची चौकशी बंद करणारी मॅकेन-फाइनस्टाइन दुरुस्ती सिनेटमध्ये 78 विरुद्ध 21 ने पास झाली आणि वर्षअखेर बंदी कायद्यात आली. दोनच महिने उलटले आणि फेब्रुवारी 2016 च्या प्रचारात ट्रम्प वॉटरबोर्डिंगच काय, त्याहून वाईटही परत आणू म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

दरम्यान मोहीम देशातल्या तुरुंगांकडे वळली होती. एकांत कोठडी, म्हणजे आपल्याकडे अंडा सेल म्हणतात तसला प्रकार, तिथे वर्षानुवर्षं चालतो, आणि तसल्या खोलीची हुबेहूब नक्कल बनवून ठिकठिकाणी ठेवायची, लोकांनी आत जाऊन बसून बघायचं, अशी यांची पद्धत. न्यूयॉर्कमध्ये 2021 ला एकांत कोठडीवर सलग 15 दिवसांची मर्यादा घालणारा कायदा झाला, त्यामागच्या गटांमध्ये धर्मगटही होते. भारताचं म्हणाल तर छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण 1997 ला सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही.