युरोडॅक

युरोपात आश्रय मागणाऱ्या आणि बेकायदा सीमा ओलांडताना पकडल्या गेलेल्या परदेशी व्यक्तींच्या बोटांच्या ठशांचा सामाईक संगणकीय संग्रह. १५ जानेवारी २००३ पासून तो वापरात आहे. मुख्य यंत्रणा स्ट्रासबर्ग येथे आहे.

आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा, हे डब्लिन नियमांवरून ठरते. जवळचे नातेवाईक, व्हिसा असे निकष आधी पाहिले जातात. ते लागू पडले नाहीत, तर माणूस प्रथम जिथून आत शिरला तो देश जबाबदार. हाती कागदपत्र नसलेल्याचा मार्ग शोधण्यासाठी युरोडॅक उभारले गेले. ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर उतरलेल्याच्या दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. पुढे त्याने जर्मनीत अर्ज केला की ठसे जुळतात आणि त्याला ग्रीसकडे परत पाठवण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. या जुळणीला ‘हिट’ म्हणतात. एकदा हिट लागली की तो माणूस स्वतः काय सांगतो, याला फारसे वजन उरत नाही. म्हणूनच फ्रान्समधल्या कॅले बंदरात काहींनी तापल्या लोखंडाने बोटांची टोके जाळून घेतली. उलट ठसे नोंदवले की जबाबदारी गळ्यात पडते, म्हणून सीमेवरचे देशही नोंदीबाबत नेहमीच उत्साही नव्हते.

फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९७६ मध्ये जैवसत्तेची, म्हणजे माणसांच्या शरीरावर आणि जगण्यावर चालणाऱ्या सत्तेची, कल्पना मांडली. तिच्या चर्चेत अभ्यासक युरोडॅकचा दाखला देतात. ठसे घेण्याचे हे तंत्र मात्र वसाहतींतले. बंगालमधल्या जंगीपूर येथे ब्रिटिश अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये करारावर हाताचा ठसा घेतला, १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये १९०६ साली आठ वर्षांवरील भारतीयांना ठसे देऊन नोंदणी सक्तीची करणारा वटहुकूम आला, आणि त्याविरुद्धच गांधीजींचा पहिला सत्याग्रह उभा राहिला.

हिटच्या आधारे बेल्जियमने ग्रीसला परत पाठवलेल्या एका अफगाण आश्रयार्थीच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २१ जानेवारी २०११ रोजी दोन्ही देशांना दोषी धरले. ग्रीसमधली कोठडी आणि तिथले हाल ही अपमानास्पद वागणूक ठरवली.

संग्रहाचा हेतू पुढे फैलावत गेला. जुलै २०१५ पासून गंभीर गुन्ह्यांच्या तपासात पोलीस आणि युरोपीय संघाची पोलीस संस्था युरोपोल यांनाही त्यात शोध घेता येऊ लागला. २०२४ च्या नियमाने चेहऱ्याचे छायाचित्र जोडले आणि ठसे घेण्याचे किमान वय १४ वरून ६ वर्षांवर आणले. हे ट्रान्सवालच्या आठ वर्षांच्याही खाली झाले. अंमलबजावणीची तारीख १२ जून २०२६ अशी ठरवण्यात आली.