‘आय थॉट’ म्हणणाऱ्याचा अंदाज खरा ठरला की खोटा?

आभाळ भरून आलेलं पाहून छत्री घेऊन निघालेला लंडनचा माणूस संध्याकाळी घरी येऊन म्हणतो, ‘आय थॉट इट वुड रेन.’ पाऊस पडला की नाही? कागदावरच्या या पाच शब्दांवरून काहीच सांगता येत नाही. घरातल्या माणसांना मात्र ऐकताक्षणी कळतं. ‘थॉट’ या शब्दावर जोर आला, तिथेच आवाज उंचावरून खाली उतरला आणि पुढचे तीन शब्द सपाट, जवळजवळ पुटपुटल्यासारखे निघून गेले, तर पाऊस पडला आहे आणि बोलणारा स्वतःवर खूश आहे. ‘थॉट’ झटकन उरकून सगळा जोर ‘रेन’वर आला, तर छत्री कोरडीच परत आली. आणखी एक चाल आहे. ‘थॉट’वर आवाज खाली येतो आणि वाक्याच्या शेवटाकडे पुन्हा चढतो. अशा वेळी पुढे ‘बट’ येणार हे ओळखावं, मग तो उच्चारला जावो न जावो.

मराठी हे काम नुसत्या सुरावर सोडत नाही. पहिल्या माणसाला आपण ‘वाटलंच होतं!’ म्हणायला लावू, दुसऱ्याला ‘मला वाटलं पाऊस पडेल’ आणि तिसऱ्याला ‘वाटलं होतं खरं…’. एक ‘च’ किंवा एक ‘खरं’ जे सांगून जातं, त्यासाठी इंग्रजीत गळ्याला राबावं लागतं. म्हणून मराठी माणूस प्रत्येक शब्दावर सारखाच जोर देत ‘आय थॉट इट वुड रेन’ म्हणतो, तेव्हा व्याकरण अचूक असूनही ऐकणारा गोंधळतो. उपाय सोपा आहे: मनात ‘च’ येत असेल तर जोर ‘थॉट’वर टाकायचा. तेही जमत नसेल तर ‘आय न्यू इट’ म्हणून मोकळं व्हावं.

गंमत म्हणजे ‘थिंक’ या क्रियापदाच्या अर्थात खरं-खोटं काहीच नाही. मग साध्या ‘आय थॉट ही वॉज अ डॉक्टर’मधून ‘पण तो नाही’ हे कुठून येतं? तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडलेली कल्पना इथे लागू पडते. बोलणारा जेवढं ठामपणे सांगू शकतो तेवढं सांगेल, असं ऐकणारा गृहीत धरतो. तो डॉक्टर असल्याचं नक्की माहीत असतं, तर बोलणाऱ्याने तसं सरळ सांगितलं असतं. ‘मला वाटलं’ची आडवाट धरली, म्हणजे अंदाज चुकला असणार. हा अर्थ शब्दात कोरलेला नाही, ऐकणाऱ्याने काढलेला आहे. म्हणूनच तो पुसताही येतो: ‘आय थॉट ही वॉज अ डॉक्टर, अँड आय वॉज राइट’ यात विसंगती नाही. चिनी भाषेची तऱ्हा वेगळी. तिथे ‘यीवेइ’ असं वेगळं क्रियापदच आहे, जे बहुतेक वेळा चुकीच्या समजुतीसाठीच वापरतात.

उलट बाजूला ‘रिअलाइझ’ आणि ‘नो’ (know, म्हणजे माहीत असणं) बसतात. ‘आय डिडन्ट रिअलाइझ यू वेअर मॅरिड’ म्हणताना समोरच्याचं लग्न झालेलं आहे, हे ठरलेलंच असतं; नकार फक्त जाणिवेला लागतो. पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी 1970 साली अशा क्रियापदांचा हा वेगळा गट दाखवून दिला. ‘आय डिडन्ट थिंक यू वेअर मॅरिड’ या वाक्यात लग्नाचा प्रश्न उघडाच राहतो.

मराठी माणसाची सगळ्यात नेमाने होणारी चूक मात्र काळाची आहे. ‘मला वाटलं तू उद्या येतोयस’ यावरून थेट ‘आय थॉट यू आर कमिंग टुमॉरो’ तयार होतं. मराठीत मनातला विचार जसा आला तसाच, त्याच्या मूळ काळासकट ठेवायची मुभा आहे. इंग्रजीत ‘थॉट’ भूतकाळात गेला की आतलं वाक्यही त्याच्यामागे जातं: ‘आय थॉट यू वेअर कमिंग टुमॉरो’. येणं उद्याचं आणि क्रियापद ‘वेअर’, हे आपल्याला खटकतं. पण इथला ‘वेअर’ येण्याचा काळ सांगत नाही, विचाराचा सांगतो. बाकी ठिकाणी इंग्रजीत थोडी सवलत असते. ‘ही सेड ही लिव्ह्ज इन लीड्स’ चालतं, कारण तो अजून तिथेच राहतो, असं बोलणारा स्वतः धरून चालतो. चुकलेल्या समजुतीची हमी घेणारं कोणी नसतं, म्हणून तिथे ‘आर’ टिकत नाही.

दुसरी चूक ‘मला वाटत होतं’मधून येते. त्याचं ‘आय वॉज थिंकिंग यू आर अ डॉक्टर’ होतं. इंग्रजीत समजूत ही घडत असलेली क्रिया मानत नाहीत, म्हणून तिथे साधा ‘थॉट’च हवा. ‘वॉज थिंकिंग’ बहुधा वेगळ्याच कामाला लागतो. ‘आय वॉज थिंकिंग वी कुड मीट ऑन फ्रायडे’ ही जुनी आठवण नव्हे, आत्ता मांडलेला प्रस्ताव आहे. भूतकाळ केवळ अदबीचा, म्हणजे समोरच्याला नाही म्हणणं सोपं जावं. ‘तुमच्याशी जरा बोलायचं होतं’ असं आपण म्हणतो, तेव्हाही बोलायचं आत्ताच असतं.

समजूत किती काळ टिकली, हेही इंग्रज दाखवून देतो. ‘यूज्ड टु थिंक’ म्हणजे बराच काळ वाटायचं, आता मत बदललं. ‘आय ऑलवेज थॉट’ हे बहुतेकदा नुकताच भ्रमनिरास झालेला माणूस म्हणतो. त्यात एक ‘हॅव’ घातला, ‘आय हॅव ऑलवेज थॉट’ केलं, तर मत आजही कायम आहे. बोलण्यात हा ‘हॅव’ फक्त ‘व्ह’ एवढाच उरतो आणि कानातून निसटतो. अमेरिकेत फार ऐकू येणारा ‘फिगर्ड’, म्हणजे अंदाज बांधला, चुकल्याची छटा घेऊन येत नाही: ‘आय फिगर्ड यूड बी हंग्री’ म्हणणाऱ्याने खायला आणलेलं असतं. ‘आय कुड हॅव स्वॉर्न’ म्हणजे शपथेवर सांगितलं असतं इतकी खात्री होती, आणि तरी चुकलं. दाराला कुलूप लावल्याची, किल्ल्या टेबलावर ठेवल्याची खात्री या जातीची.

‘मला वाटलं’ या रचनेत वाटणाऱ्याला ‘ला’ लागतो, तो कर्ता होत नाही. इंग्रजीतही एके काळी असंच होतं. जुन्या इंग्रजीत विचार करण्याचं आणि भासण्याचं अशी दोन क्रियापदं होती, भूतकाळात ‘थोह्ते’ आणि ‘थूह्ते’. दुसऱ्याच्या आधी ‘मला’ या अर्थाचा ‘मे’ यायचा. त्यातून आलेला ‘मेथॉट’ शेक्सपिअरच्या काळातही वापरात होता. पुढे ही क्रियापदं एकमेकांत मिसळली, आणि वाटण्याचं सगळं ओझं ‘आय’वर आलं.

तरुणांनी मात्र वेगळीच वाट काढली आहे: ‘आय वॉज लाइक, व्हॉट?’, म्हणजे ‘मला झालं, काय?’ रोनाल्ड बटर्स यांनी 1982 साली अमेरिकन इंग्रजीतल्या या प्रयोगाची नोंद केली, ती न उच्चारलेला विचार सांगण्याची पद्धत म्हणूनच. 1999 साली सॅली टॅग्लियामाँटे आणि रेचल हडसन यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क आणि कॅनडातल्या ओटावा इथल्या तरुणांच्या बोलण्यात तो तपासला, म्हणजे तोवर त्याने अटलांटिकही ओलांडला होता. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘म्हटलं, जाता जाता भेटून यावं’ यात कोणी कोणाला काही म्हटलेलं नसतं. फरक एवढाच की आपला हा ‘म्हटलं’ बहुधा स्वतःपुरता राहतो, तर ‘लाइक’ दुसऱ्याच्या तोंडीही सर्रास घालतात, आणि ते वाक्य खरोखर बोललं गेलं, की मनात आलं, की नुसतं चेहऱ्यावर दिसलं, हे बोलणारा सांगत नाही. त्यामुळे ‘शी वॉज लाइक, आय क्विट’ एवढं ऐकून तिने राजीनामा दिला असं धरू नये. आधी ‘डिड शी सेड दॅट?’ नव्हे, ‘डिड शी से दॅट?’ असं विचारून घ्यावं.