गावच्या पत्त्यावर दिवाणी दाव्याचं समन्स आलं तर: कैफियतीची मुदत आणि लागणारे कागद

गणपतीला गावी आलो तेव्हा फडताळात कोर्टाचा लिफाफा दिसला. वाटपाच्या दाव्याचं समन्स. जूनमध्ये बेलिफ आला होता. काकूने सही करून घेतलं आणि मुलं आली की दाखवू म्हणून जपून ठेवलं. आम्ही पोचलो तोवर दाव्यात एकतर्फा हुकूम, म्हणजे आमच्या गैरहजेरीतच दावा पुढे चालवायचा हुकूम, झाला होता. ही वेळ दुसऱ्या कुणा चाकरमान्यावर येऊ नये म्हणून लिहितोय.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, पण तिच्यातले मुदतीचे नियम १ जुलै २००२ पासून बरेच कडक झाले. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, द्यायचं. न्यायालय कारणं नोंदवून ही मुदत जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. दिवस मोजायचे ते समन्स बजावल्याच्या तारखेपासून, आपण लिफाफा उघडला त्या दिवसापासून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं, की अपवादात्मक परिस्थितीत ९० दिवसांनंतरही कैफियत घेता येते. पण त्यासाठी सबळ कारण लागतं, खर्चही भरावा लागू शकतो. व्यापारी न्यायालयाच्या दाव्यात तर १२० दिवसांनंतर हक्कच संपतो.

काकूची सही चालते का? प्रतिवादी घरी नसेल, लवकर सापडण्याची शक्यता नसेल आणि समन्स घ्यायला त्याने कुणाला नेमलेलं नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाकडे, बाई असो वा पुरुष, समन्स देता येतं. तुम्ही डोंबिवलीत आणि काकू गुहागरात, तर ‘सोबत राहणारी’ कशी, असा मुद्दा नक्की मांडता येतो. मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. समन्स नाकारलं तरी ते बजावलंच असं धरलं जाऊ शकतं, म्हणून नाकारण्यात काहीच फायदा नाही. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा: कोर्टाचा कागद आला की त्याच दिवशी फोटो पाठवायचा.

वकिलांकडे जाताना समन्स आणि सोबतची दाव्याची प्रत न्या. जमिनीसाठी सात-बारा, आठ-अ, जुने फेरफार, वारस नोंद, खरेदीखत, मोजणीचा नकाशा. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या. जुने फेरफार मिळवायला वेळ जातो, तेव्हा तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. आपले कागद कैफियतीसोबतच द्यायचे असतात, मागाहून द्यायचे तर न्यायालयाची परवानगी लागते. आणि ‘दाव्यातील मजकूर खोटा आहे’ एवढ्यावर भागत नाही. जे मान्य नाही ते मुद्द्यागणिक नाकारावं लागतं, नाहीतर ते कबूल धरलं जाऊ शकतं.

एकतर्फा हुकूम झाला, पण निकाल लागलेला नाही, अशा वेळी गैरहजेरीचं योग्य कारण देऊन तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. आम्ही तोच केला. हुकूमनामाच, म्हणजे दाव्याचा एकतर्फा निकालच, झाला असेल तर तो रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करायचा. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

चिऱ्याच्या गडग्यावरून किंवा पाणंदीवरून शेजारी कोर्टाकडे मनाई, म्हणजे आपल्याला अडवणारा हुकूम, मागेल अशी शंका असेल तर आधीच कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं, मग नव्याने द्यावं लागतं. पूर्वी महाराष्ट्रात अधिकारक्षेत्राची, म्हणजे या कोर्टाला हा दावा चालवता येत नाही अशी, हरकत घेतली की आधी तिचा निकाल आणि मग मनाईचा अर्ज, असा क्रम होता. ते कलम ९अ २०१८ मध्ये रद्द झालं, त्यामुळे मनाईचा अर्ज आता तेवढ्यावर अडकून राहत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना राज्यात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. काकूसारख्या कितीतरी बायकांना हा हक्क माहीतच नसतो, त्यांना आवर्जून सांगा. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली दुसरी अपिलं, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालावर उच्च न्यायालयात होणारी, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठाकडे जातात. रायगडची मात्र मुंबईतच. पुढच्या तारखेसाठी दाव्याचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक वकिलांकडून घ्या. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की तारीख मुंबईत बसूनही दिसते.